ब्लोअर जोडला की गरम, उभा असला की गार

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, झाली की पुढचे दीड-दोन महिने द्राक्षबागेत ट्रॅक्टर थांबून चालत नाही. पोंगे (कोवळे कोंब) फुटले की डावणीची धास्ती, पानं मोठी झाली की भुरीची, दोन्ही बुरशीचे रोग. ऑक्टोबरात एखादा पाऊस पडून गेला, तर दुसऱ्या दिवशी जमीन ओली असली तरी ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंखा, बागेत घालावाच लागतो. अशा वेळी इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की पोटात गोळा येतो. अर्धी बाग फवारलेली, अर्धी उघडी, आणि बुरशी काही इंजिन थंड होईपर्यंत थांबत नाही.

आमचा ट्रॅक्टर २००९ सालचा. साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर, नऊ फुटी ओळीतून वेलीला न लागता फिरेल एवढाच. आमच्या निफाड तालुक्यात असे लहान ट्रॅक्टर वस्तीवस्तीवर आहेत, आणि त्यातले बरेच आमच्यासारखे जुने घेतलेले. मजूर आणि मार्केट हे बघतात, फवारणी मी करते. त्यामुळे त्याचं तापणं पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं आणि शेवटपर्यंत मीच त्याच्या मागे लागले.

तापणाऱ्या इंजिनाबद्दल मला एकच गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. पान्हा हातात घेण्याआधी ते नेमकं कधी तापतं ते बघा, आणि मोजा. नुसत्या काट्यावर भरवसा ठेवून आमच्याकडे लोक थर्मोस्टॅट (पाण्याच्या वाटेवरची झडप) काढून फेकतात, हेड (इंजिनाचं डोकं) उघडतात, रेडिएटर बदलतात, आणि तरीही ट्रॅक्टर तापतच राहतो.

आमचा ट्रॅक्टर नुसता चालू ठेवला तर तासभरही काटा मधेच राहायचा. रिकामा रस्त्याने आणला तरी ठीक. पण पाचशे लिटरचा ब्लोअर जोडून पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, मिनिटाला ५४० फेऱ्यांची गती दिली, की काही ओळींतच काटा चढायला सुरुवात. रोटाव्हेटरलाही तेच. ही माहिती फुकटात मिळालेली असते आणि ती फार मोलाची असते. उभ्या उभ्या तापणाऱ्या इंजिनात आधी पंखा, पट्टा आणि पाण्याचा पंप बघावा. फक्त लोडवर आणि जास्त रेसवर तापणाऱ्या इंजिनात रेडिएटर, होस पाईप आणि हेड गॅसकिट (हेडखालचं पातळ सील). ढोबळमानाने डिझेलच्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग कामाला लागतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बहुतेक पाण्यातून रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. ट्रॅक्टर नुसता उभा असताना ही उष्णता इतकी थोडी असते की अर्धा बुजलेला रेडिएटरही निभावून नेतो. ब्लोअरवर त्याचं खरं रूप दिसतं.

मोजायला मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, बंदुकीसारखा धरायचा तो. कोरोनात कपाळासमोर धरायचे ते नाही चालत, ते ४२-४३ अंशांच्या पुढे दाखवतच नाहीत. तीनशे अंशांपर्यंतचा साधा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो. एक काळजी मात्र घ्यायची: चकचकीत धातूवर तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. म्हणून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाईपच्या तोंडाशी, लोखंडावर, काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली आणि नेहमी त्याच टेपवर नेम धरून मोजलं. ब्लोअर चालू, ओळीच्या टोकाला वळण्यापूर्वी: वर १०१, खाली ८०. म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता. कधी कधी बोलतो. सेन्सरची वायर कुठे घासून बॉडीला टेकली असेल तर थंड इंजिनातही काटा लालवर जातो. वायर सेन्सरवरून काढली आणि तरी काटा खाली आला नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये असतो, इंजिनात नाही.

मग बाहेरून सुरुवात केली, कारण बाहेरचं काम कमी खर्चाचं. बागेतल्या ट्रॅक्टरचा रेडिएटर रानातल्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळ्या पद्धतीने बुजतो. आम्ही गंधक फवारतो, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारतो. ओळीत ते धुकं तरंगत असतं आणि शेजारच्या ओळीतून परत येताना पंखा ते आत ओढतो. बोर्डोतला चुना, गंधकाची भुकटी, धूळ आणि छाटणीचा बारीक पाला मिळून पत्र्यांच्या मधे एक पिवळट-निळसर लेप बसतो. पुढून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून फसायला होतं. रात्री पंख्याच्या बाजूने बॅटरीचा झोत मारून पुढून बघा. आमच्या रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या भागातून उजेड जवळजवळ येतच नव्हता.

धुताना पाणी पंख्याच्या बाजूने मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. पुढून मारलं तर ती आणखी आत जाऊन बसते. फवारणीच्या एचटीपी गनचा पूर्ण दाब लावू नका, पातळ पत्रे लगेच आडवे होतात आणि मग हवेची वाट कायमची बंद. मी कपडे धुवायच्या पावडरचं पाणी करून रात्रभर ओलं ठेवलं, सकाळी साध्या नळीने धुतलं, आणि पुन्हा एकदा तेच. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना मूळची फोमची पट्टी असते, ती आमच्याकडे नव्हतीच. त्या फटीतून इंजिनाकडची गरम हवा वळून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या फटी बंद केल्या. पट्टाही ताणला. दोन पुल्यांच्या मधे अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा, फार तर बारा मिलिमीटर.

पुन्हा ब्लोअर जोडून मोजलं. वर ९५, खाली ७४.

दोन्ही आकडे सहा अंशांनी उतरले, ह्यांना फार आनंद झाला. माझं लक्ष मात्र मधल्या फरकाकडे होतं. आधी २१, आत्ताही २१. या फरकानेच मला पुढचा रस्ता दाखवला. पाणी वरच्या पाईपने गरम जातं, खालच्याने गार होऊन परत येतं. तेवढीच उष्णता थोड्या पाण्याने वाहून न्यायची असेल, तर त्या पाण्याला जास्त गार व्हावं लागतं. म्हणजे फरक मोठा असेल तर पाणी कमी फिरतंय. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात हा फरक आठ-दहा अंशांच्या आसपास असतो. दोन्ही पाईप सारखेच रटरटत असतील आणि फरक थोडा असेल, तर पाणी फिरतंय पण हवा लागत नाही. धुण्याने आमची हवा सुधारली होती, पाण्याचा प्रवाह जिथल्या तिथेच होता.

दुसरी बाजू शेजारच्या वस्तीवर बघायला मिळाली. त्यांचा तसाच ट्रॅक्टर उभ्या उभ्यासुद्धा तापायचा. दोन्ही पाईप नव्वदीच्या पुढे आणि फरक जेमतेम पाच. पंप बदलताना पंखा उलटा बसवला गेला होता. पंखा उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, त्यामुळे हात धरून बघणाऱ्याला वारा लागतो आणि शंका येत नाही. पण पात्याचा बाक उलटा झाल्याने हवा निम्म्यावर येते. चार बोल्ट काढून पंखा फिरवला आणि त्यांचा ट्रॅक्टर थंड झाला. तिथे कुणी रेडिएटर उघडला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

आमच्याकडे फिटर आले तेव्हा त्यांनी आवाज ऐकला, रेडिएटरच्या झाकणातून बाहेर आलेलं पाणी बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हेड गॅसकिट गेलंय. हेड उघडावं लागेल."

"भाऊ, ऑइल दुधासारखं झालेलं नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. उघडायच्या आधी सकाळी बुडबुडे बघू."

ते पंचवीस वर्षं हेच काम करतात आणि माणूस सरळ आहे. "बघू, त्यात काय," म्हणाले आणि सकाळी चहाच्या आधी हजर झाले. ही चाचणी इंजिन पूर्ण थंड असतानाच होते. झाकण काढायचं, पाणी गळ्यापर्यंत भरायचं, इंजिन सुरू करायचं आणि टॉर्च धरून पाण्याकडे बघत राहायचं. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे येतात, ते थांबतात. गॅसकिट गेलेलं असेल तर सिलिंडरमधला दाब पाण्यात घुसतो. बुडबुडे थांबत नाहीत, रेस वाढवली की वाढतात, कधी पाणी उसळून बाहेर पडतं. आमच्याकडे पाणी शांत राहिलं. भाऊंनी स्वतःच मान हलवली, "हेड ठीक आहे."

त्यांनीच मग थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. आधीच्या मालकाकडे कधीतरी काढलेला. आमच्याकडे हा सर्रास चालणारा उपाय आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट थंड इंजिनात पाणी अडवतो आणि ठरलेल्या तापमानाला रेडिएटरची वाट उघडतो, इतकंच लोकांना माहीत असतं. पण अनेक इंजिनांत तो उघडताना दुसरी एक वाट बंदही करतो, पंपाकडे परत जाणारी बायपासची. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी. मग पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता गरमच्या गरम पुन्हा इंजिनात फिरतो. शिवाय हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही. निफाडची थंडी राज्यात ऐकू जाते. तशा सकाळी इंजिन तासभर गार चाललं तर डिझेल पुरतं जळत नाही, धूर होतो, ऑइल खराब होतं आणि लायनर (सिलिंडरची आतली अस्तरं) झिजतात. तापण्यावरचा उपाय म्हणून काढलेली वस्तू तापण्याचंच एक कारण होते, आणि वर इंजिनाचं आयुष्य खाते.

तरी एवढ्याने २१ चा हिशेब लागत नव्हता. ब्लोअरवर चढणारा काटा रेसशी बांधलेला वाटत होता, म्हणून मी भाऊंना म्हटलं की इंजिन गरम असताना ब्लोअरच्या रेसवर नेऊ आणि खालचा पाईप बघू. थंड इंजिनात ही गंमत दिसत नाही, रबर गरम होऊन मऊ पडावं लागतं. मी ओढणी कमरेला घट्ट बांधून, पंख्यापासून लांब, बाजूने टॉर्च धरून उभी राहिले. त्यांनी रेस वाढवली. दीड हजारापर्यंत पाईप गोल होता. दोन हजारांच्या पुढे त्याच्या पोटात खळगा पडायला लागला, आणि ब्लोअरच्या गतीला तर चोखलेल्या आंब्याच्या सालीसारखा तो दोन्ही बाजूंनी आत बसला. रेस कमी केली, पुन्हा गोल.

खालचा पाईप पंपाच्या ओढीकडचा असतो. पंप तिथून पाणी खेचतो. म्हणून अशा पाईपच्या आत बऱ्याचदा तारेची स्प्रिंग असते, ती त्याला आत बसू देत नाही. आमची स्प्रिंग गंजून तुटून गेली होती. तिचे तुकडे नंतर रेडिएटरच्या खालच्या टाकीत सापडले. ट्रॅक्टर उभा असताना पाईप नेहमी धडधाकट दिसणार, आणि बोनेट बंद करून आपण बागेत असताना तो पाण्याची वाट आवळणार. बाहेरून भेग नाही, गळती नाही. किती जणांनी या एका पाईपपायी हेड उघडलं असेल, याचा विचार करून वाईट वाटतं.

पाईप आत ओढला जाण्याचं आणखी एक कारण असू शकतं. रेडिएटरमधून पाणी पुरेसं येत नसेल तर पंपाची ओढ वाढते. म्हणून पाईप बदलून थांबलो नाही, रेडिएटर उतरवला. खालचं तोंड हाताने बंद करून तो पाण्याने भरला आणि हात काढला. पाणी बदकन पडायला हवं होतं, ते रेंगाळत आलं.

नाशिकला रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी उघडून बघितली. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, कडक थर. तो बघताक्षणी मी ओळखला, कारण आमच्या ड्रिपरच्या तोंडाशी बसतो तो हाच. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत हे ड्रिप दर वर्षी सांगतं, आणि इतकी वर्षं तेच पाणी या इंजिनात ओतलं गेलं. पाणी गरम झालं की क्षार आणखी लवकर बसतो. वरून रोज लिटरभर नवीन पाणी घातलं की रोज तेवढ्या पाण्यातला क्षारही आत जातो. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, त्यामुळे तो दुरुस्त होतो ही त्याची मोठी कृपा. कारागिराने प्रत्येक नळीत चपटी सळई घालून थर काढला, टाकी डाख देऊन पुन्हा बसवली आणि हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवून दाखवली. ते काम बघत उभं राहण्यासारखं आहे. नवीन रेडिएटरच्या मानाने खर्च फारच कमी.

रेडिएटरमध्ये जो थर होता तो इंजिनाच्या आतही असणारच. ब्लॉकचा पाणी सोडायचा नट उघडला तर पाणी आलंच नाही. तारेने उकरल्यावर आधी तांबडा गाळ आणि मग पाणी. जुन्या इंजिनात हा नट जरूर बघा. रेडिएटर रिकामा करून लोक समजतात की सगळं पाणी निघालं, पण गाळ ब्लॉकच्या तळाशी, शेवटच्या सिलिंडरभोवती बसून राहतो. फवारणीच्या पाण्याचा पीएच उतरवायला घरात सायट्रिक ॲसिड असतंच. ते साध्या पाण्यात विरघळवून भरलं, इंजिन काही वेळ गरम चालवलं, सोडून दिलं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. ड्रिप साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र इंजिनात चुकूनही घालू नका. हेड किंवा पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर ते तिला खातं.

नवीन थर्मोस्टॅटवर ७१ कोरलेलं आहे. बसवण्याआधी जुन्या पातेल्यात पाणी घेऊन, त्यात थर्मामीटर सोडून, चुलीवर तपासला. सत्तरीच्या पुढे हळूहळू उघडायला लागला आणि पंच्याऐंशीच्या सुमाराला पूर्ण. नवीन वस्तूही तपासूनच बसवावी असं माझं मत आहे, दहा मिनिटांचं काम आहे. त्याच्या चकतीवरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे भरताना हवा अडकत नाही.

झाकणही बदललं, जुन्याचं रबर चिरलं होतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, तो दाब आहे. आमच्या उंचीवर उघडं पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं. तेवढ्या दाबाखाली ते ११५ च्या पुढेच उकळतं. जुनं झाकण पुरता दाब धरत नव्हतं, म्हणून ट्रॅक्टर बंद केला की फसफसून पाणी बाहेर यायचं. भरताना बोअरचं पाणी नाही. डिस्टिल्ड वॉटर निम्मं आणि कूलंट निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही मग कूलंट कशाला, असं म्हणणारे भेटतात. ते गंज आणि क्षार थांबवण्यासाठी आहे.

सगळं जोडून ब्लोअर बागेत घातला. वर ८५, खाली ७७. फरक आठ. ओळ संपली, दुसरी संपली, टाकी संपली, काटा तिथेच. त्या दिवशी उरलेली बाग दुपारच्या आत उरकली.

एक गोष्ट जिवाची आहे म्हणून सांगते. काटा लालवर गेला तर घाबरून लगेच इंजिन बंद करू नका. पीटीओ काढा, अर्ध्या रेसवर काही मिनिटं चालू राहू द्या, म्हणजे पाणी फिरत राहतं आणि हेडमधली उष्णता निघते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल तरच ताबडतोब बंद. गरम झाकणाला हात लावायचा नाही, कापड गुंडाळूनही नाही. वाफ तोंडावर येते आणि भाजतं ते खोलवर. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

आता दर फवारणीच्या हंगामात खालचा पाईप हाताने दाबून बघते, आत स्प्रिंग लागते की नाही ते. एक नवीन पाईप शेडमध्ये टांगून ठेवलाय. सध्या पंपाखालच्या बारीक भोकाशी हिरवट डाग दिसायला लागला आहे. साध्या पाण्यात तो दिसलाच नसता, कूलंटच्या रंगामुळे दिसला. सील सुटायला लागलं आहे, पण अजून थेंब पडत नाही. सील आणून ठेवलं आहे. माल तुटला की, एप्रिलच्या खरड छाटणीआधी, भाऊ येऊन ते बदलणार आहेत.